पहिल्या कार्डाची घंटा

६ सप्टेंबर १९९९, सोमवार

आलो एकदाचे. टेम्पोत कपाट आडवं घातल्यामुळे आरशाला तडा गेला, कुकरची शिट्टी नगरलाच राहिली, आणि ही वसई संपते तरी कुठे असं स्वप्नाने वाटेत दोनदा विचारलं. पण घर बघितल्यावर दोघंही प्रवास विसरलो. केवडआळी हे सांडोरच्या पुढचं टीचभर गाव. जिकडे बघावं तिकडे केळी, मधूनमधून नारळ, आणि घरामागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. त्यात बदकं. नगरच्या धुळीतून आलेल्या माणसाला हे स्वप्नातही दिसायचं नाही. माझी बायको तर सामान तसंच टाकून काठावर जाऊन बसली.

खालच्या दोन खोल्या आमच्या, वर मालक राहतात. मालक गॅब्रिएल काका सत्तरीचे, अर्धी चड्डी, अंगात बंडी, आणि आवाज असा की तळ्यापलीकडची बाई वळून बघते. त्यांची बायको हिल्डा मावशी. काकांचं बोलून झालं की मग ती हळूच आपलं बोलणार. आपसात ते त्यांच्या बोलीत बोलतात, ती मला अर्धीमुर्धी कळते. आमच्याशी मात्र अगदी शाळेतल्या मास्तरांसारखं मराठी. काकांनी आल्याआल्या बजावलं की पाण्याची मोटर संध्याकाळी तेच लावणार, आम्ही बटणाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, काका, मी इलेक्ट्रॉनिक्सचाच माणूस आहे. ते म्हणाले, मग तर मुळीच नाही.

मला हा माणूस आवडला. माझ्यासारखाच, नाकावर राग. संध्याकाळी मावशीने केळफुलाची भाजी पाठवली.

९ सप्टेंबर, गुरुवार

नोकरी गोखिवऱ्यात. गाळा लहान, पंखा एकच आणि तो साहेबांच्या डोक्यावर. साहेब म्हणजे दिवाकर साहेब. गोड बोलतात, एवढं गोड की मला आत्ताच संशय यायला लागलाय. इथे घंटा वाजवणारी कार्डं बनतात. शाळा, कारखाने, पण मुख्य गिऱ्हाईक चर्च. आधी दोर ओढून घंटा वाजायची, आता वर विजेचा हातोडा बसवतात आणि खाली भिंतीवरच्या डब्यात एक कार्ड. त्या एवढ्याशा हिरव्या पट्टीवर अख्खा संगणक असतो. कुठल्या वारी, किती वाजता, कशी घंटा द्यायची हे सगळं त्याला ठाऊक.

काम असं. या कार्डांमध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे धरलेत. येत्या एक जानेवारीला ती समजणार की १९०० उजाडलं, आणि रविवारच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, घंटा भलत्याच वारी वाजणार. त्याआधी सगळीकडे नवी चिप गेली पाहिजे.

आता खरी गंमत. आजवर कार्डाचे चार अवतार निघालेत. प्रत्येकाची जोडणी निराळी. एकावर हातोड्याची तार इथे, दुसऱ्यावर तिथे. आणि साहेबांना चिप हवी एकच, चारींना चालणारी. चांगली गोष्ट आहे, मला अशीच कामं आवडतात. प्रोग्रामने जागं झाल्याबरोबर विचारायचं, बाबा रे, तू कितवा? दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कार्डावर नंबर सांगणाऱ्या छोट्या पिना आहेत. पहिल्यावर नाहीत. जो नंबर सांगत नाही तो पहिला, एवढं धरलं की झालं. नवीन करायचं पण जुन्याला धक्का लावायचा नाही. जुना जिथे आहे तिथे तो कुणाच्या तरी रोजच्या आयुष्यात आहे, हे माझं ठाम मत.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

आज वाजलं. साहेबांना चौथ्या कार्डावर नाताळची गाणी हवीत. स्पीकरवर टुंग टुंग वाजणारी. मी म्हटलं, चिपमध्ये जागा नाही. ते म्हणाले, पहिल्या कार्डाचं काढून टाक. मी विचारलं, आणि ज्यांच्याकडे पहिलं आहे त्यांनी काय करायचं? म्हणाले, एकही उरलेलं नाही, सगळी बदलली. मी मुद्दाम विचारलं, आमच्या केवडआळीला कुठलं? म्हणाले, चौथं, मी स्वतः बसवलंय.

मी तरीही भांडलो. म्हटलं, एकदा सगळीकडे जाऊन डबे उघडून बघू, मग काढू. त्यावर ते हसले आणि म्हणाले की नगरला असं फिरत बसायचात म्हणूनच तुमची तिथली कंपनी बंद पडली काय. हे ऐकून घेतलं मी. तोंडात आलेलं गिळलं, कारण घरात आत्ताच कुठे गॅस आलाय.

संपूर्ण पहिलं कार्ड काढायची गरज पडली नाही. वेळेच्या घंटा बहुतेक सगळ्यांच्या सारख्या, पहिल्यासाठी दोनचार ओळी पुरतात. त्या मी राहू दिल्या, साहेबांना न सांगता. पण पहिल्या कार्डावर एक वेगळं बटण आहे, हाताने दाबायचं, त्याची तार कुठल्या तरी आडबाजूच्या पिनेला जाते. त्याच्यामागे प्रोग्रामचा लांबलचक भाग होता. तेवढा उडवला. त्या जागी आता गाणी.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

सगळीकडे चिपा गेल्या. केवडआळीची साहेबांनी चर्चच्या व्हिन्सेंटच्या हाती दिली. हा व्हिन्सेंट चर्चची सगळी झाडलोट, मेणबत्त्या, घंटा बघतो, दाढी करायचं बहुतेक विसरलेला असतो. जुन्या चिपा परत आल्या. त्या पुसून पुन्हा वापरायच्या, असा हुकूम. निळ्या दिव्याच्या पेटीत मी स्वतः ठेवल्या आणि पुसल्या. आधीच्या माणसाच्या फ्लॉपी काढून बघितल्या तर सगळ्यांवर बुरशी. इथल्या हवेत लोणचं टिकेल पण फ्लॉपी टिकायची नाही.

आमच्या गावची घंटा बाराच्या ठोक्याला नीट वाजते असं स्वप्ना सांगते. म्हणजे चालतंय. साहेबांचा आवडता शब्द. चालतंय ना, मग हात लावू नका.

काकांशी आज मोटरीवरून कडाक्याचं भांडण झालं आणि मग दोघांनी मिळून गवती चहा घेतला.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

गॅब्रिएल काका गेले. काल सकाळी केळीला टेकू लावता लावता खाली बसले ते बसलेच. मावशीने हाक मारली तेव्हा गेलेले होते. मुलगी सालोमी कुवेतला, तिला येणं जमणार नव्हतं. संध्याकाळीच दफन झालं. अंगावर लग्नातला काळा सूट. मी खांदा दिला.

आज सकाळपासून वर नुसती भांडणं. इथली रीत अशी की माणूस गेला की चर्चची घंटा सांगते. पुरुष असेल तर ठोके जोडीने, बाई असेल तर एकेक, मूल असेल तर लहान घंटा. ती ऐकली की माणसं हातातलं काम टाकून विचारतात, कोण? आणि त्या घराकडे निघतात. काल घंटाच वाजली नाही. सांडोरची, गिरीजची माणसं आज येऊन मावशीला बोलली की आम्हाला परकं केलंस. व्हिन्सेंट म्हणतो मी बटण दाबलं होतं, पण बत्ती, म्हणजे वीज, नव्हती. पूर्वीचा दोर हातोडा बसला तेव्हाच काढला, आणि मनोऱ्याचा जिना ढासळल्यापासून वर कुणी जात नाही.

मला चीड आली. एक बटण, आणि तेही चालू नये? म्हटलं, कुणाचं कार्ड आहे बघतो. मग आठवलं, आमचंच.

३० ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी मोटर लागली. मला वाटलं मावशी शिकली. मग वरून आवाज आला, टाकी भरून वाहतेय तरी खालच्यांना शुद्ध नाही.

वर गेलो. काका आरामखुर्चीत बसले होते. काळा सूट. कॉलरमध्ये माती. मावशी शेजारी स्टुलावर, आणि तिचा हात त्यांच्या हातात. मला बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, तुला काय पाहिजे?

मी खाली आलो. स्वप्नाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मोटर.

३१ ऑक्टोबर, रविवार

मावशी खाली आली होती. पाण्याला जाते म्हणून सांगून. स्वप्नासमोर बसून सगळं बोलली.

परवा अंधारायच्या सुमाराला ते केळीच्या वाडीकडून घरी आले. दाराला कडी का लावली म्हणून चिडले. लग्नाचा सूट मला कुणी घातला, मातीत खराब झाला, म्हणून चिडले. ती भ्याली नाही. पन्नास वर्षांचा संसार, भिणार कशी? तिने सरळ सांगितलं की तू सोमवारी गेलास. त्यावर ते मोठ्याने हसले. म्हणाले, मेलो असतो तर घंटा वाजली असती. वाजली काय? तिला खोटं बोलता येत नाही. तेव्हापासून ते तिला सोडत नाहीत. गावातले लोक आपल्याकडे विचित्र बघतात, तू मिस्सेला जायचं नाहीस, इथे बस म्हणतात. रात्रंदिवस हात धरून ठेवतात. तो हात काही केल्या गरम होत नाही. तिने तिची बोटं आम्हाला दाखवली. नखं निळी, आणि कोपरापर्यंत रंग उडालेला.

स्वप्नाने तिचे हात शेकले. मावशी म्हणाली, असंच चाललं तर मी फार दिवस काढणार नाही. तक्रार म्हणून नव्हे, उद्या पाऊस येईल म्हणावं तसं म्हणाली. मग वरून हाक आली आणि ती गेली.

मी स्वप्नाला म्हटलं, तू नगरला जा, दिवाळी येतेच आहे. ती म्हणाली, आणि हिला कोण बघणार, तू? तिचं माझ्यावर चिडणं बरोबर होतं.

२ नोव्हेंबर, मंगळवार

आज इथल्या ख्रिस्ती लोकांचा सर्व मृतांचा दिवस. दफनभूमीत प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या, फुलं. या दिवशी मृतांची घंटा वाजतेच. मी आणि स्वप्ना चर्चबाहेर उभे होतो. दिवे सगळे लखलखत होते. व्हिन्सेंटने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबून धरलं. वर हातोडा हलला नाही.

म्हणजे त्या दिवशीही बत्तीचा दोष नव्हता.

परतलो तेव्हा काका कुंपणाशी उभे होते. मेणबत्त्या घेऊन चाललेल्या माणसांना विचारत होते, कसला सण आहे? माणसं मान खाली घालून चालत होती. एका कबरीवर माझं नाव कुणी लिहिलंय, कुणाची ही थट्टा, असं ते मला म्हणाले. संतापाने कुंपणावर मूठ आपटत होते. अंगाला ओल्या मातीचा वास येत होता.

३ नोव्हेंबर, बुधवार

चर्चमधला डबा उघडला. झाकण चौथ्या कार्डाचं, नवंकोरं, चकचकीत. आत पहिलं कार्ड. दिवाकरने नुसतं झाकण बदललं होतं. हरामखोर माणूस. (हे मी खोडणार नाही.) आणि त्या आडबाजूच्या पिनेवरून एक लाल तार निघून सरळ व्हिन्सेंटच्या बटणाला. मृत्यूच्या घंटेचं बटण. ज्याच्या मागचा प्रोग्राम मी काढला. गाण्यांसाठी.

वेळेच्या घंटा वाजत होत्या म्हणून कुणाला काही कळलं नाही. बाराला वाजते, सातला वाजते, चालतंय. आणि जी वाजायलाच पाहिजे ती मेलेली.

तसाच गोखिवऱ्याला गेलो आणि दिवाकरच्या टेबलावर झाकण आपटलं. आधी म्हणाला चूक झाली असेल. मग म्हणाला, त्यांना चौथं घ्यायला सांग, ऑर्डर येईल. मी काकांचं सांगितलं, सगळं. तो म्हणाला, मेलेल्या गिऱ्हाईकाची तक्रार आपण घेत नाही. वर हसला. मी त्याची कॉलर धरली होती, हाताखालच्या पोरांनी सोडवलं. दिवाळीनंतर येऊ नको म्हणाला. म्हटलं, तुझ्या तोंडावर थुंकायलाही येणार नाही. गाळ्याची किल्ली मात्र माझ्याकडेच राहिली.

४ नोव्हेंबर, गुरुवार

मूर्ख आहे मी. मूर्ख, मूर्ख.

काकांनी मला वर बोलावलं. मावशीशी त्यांचा वाद चालू होता. मला म्हणाले, श्रीरंग, तू घंटांमधला माणूस, तू शिकलेला, हिला एकदा समजावून सांग. मी गेलो असं ही म्हणते. सांग, माझी घंटा वाजली?

मावशी माझ्याकडे डोळे लावून बसली होती. हो म्हणायचं होतं, एवढंच. एक हो. पण मला दिवाकर दिसत होता, त्याचं हसणं, ते झाकण. रागाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं की नाही वाजली काका, वाजणारच नव्हती, त्या नालायक दिवाकरने —

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. मांडीवर थाप मारली. म्हणाले, बघ, इंजिनीअर सांगतोय. मावशीने डोळे मिटले. आता तिने कितीही सांगितलं तरी ते माझी साक्ष काढणार.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

काका वाडीत खणतायत. केळीच्या रांगेत, तळ्याच्या बाजूला. पलंग मऊ आहे, पाठ दुखते म्हणतात. मातीत बरं वाटतं. खड्डा रुंद आहे. दोघांपुरता. मी विचारलं, काका, हे कशाला? म्हणाले, हिलाही तिथेच झोप लागेल, वर तिला थंडी वाजते.

स्वप्ना मावशीला खाली आणायला गेली तर दारात उभे राहिले. नुसते उभे. स्वप्ना खाली येऊन भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा. रडत नव्हती, संतापली होती. म्हणाली, काहीतरी कर ना, तुझंच यंत्र आहे ना ते?

६ नोव्हेंबर, शनिवार

चर्चच्या फादरना भेटलो. भला माणूस. पण नाही म्हणाले. दफन झालेल्यासाठी ती घंटा आता वाजवायची नाही. ती वाजली की गाव विचारणार कोण गेलं, मी कुणाचं नाव सांगू? काकांसाठी मिस्सा ठेवतो म्हणाले. मी म्हटलं, ती तर झाली, काकांनी वाडीतून ऐकली आणि विचारलं हा कुठला गॅब्रिएल. फादरनी मला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, तुम्ही जरा झोपत जा.

बाहेर व्हिन्सेंटने गाठलं. मंगळवारी दुपारी फादर गावात नसतात म्हणाला. त्याचंही मन खातंय.

माणसांच्या घोळात माझा काय संबंध? मला माझं यंत्र दुरुस्त करायचंय. ज्याला जे द्यायचं होतं ते दिलं नाही, ते द्यायचं. बस.

७ नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीपूजन. गाळा बंद, मी आत. चिप भरायच्या मशीनला दिवाकरने हळदकुंकू वाहिलंय. लक्ष्मी पाहिजे ना याला.

नाताळची गाणी उडवली. सगळी. हात जराही थांबला नाही. त्या जागी पहिल्या कार्डाचं बटण पुन्हा लिहितोय. जुना प्रोग्राम नाही, आठवणीतून, अंदाजाने. ठोक्यांची लय व्हिन्सेंटने टेबलावर वाजवून दाखवली होती. नंबर सांगत नाही तो पहिला. बटण दाबलं की जोडीने ठोके, आणि नंतर शांत. बाकी तीन कार्डांना धक्का नाही. मी हे आधीच असं करणार होतो. मला करू दिलं असतं तर —

८ नोव्हेंबर, सोमवार

चिप तयार. टेबलावर चालतेय. चालतंय, हा शब्द आता लिहायलाही नको वाटतो.

खड्डा छातीएवढा. मावशी काठावर बसलेली, तिच्या लग्नातलं लुगडं नेसून. ते हाक मारतील तेव्हा उतरणार. मी म्हटलं, मावशी, उद्यापर्यंत थांब. तिने मान हलवली, हो की नाही कळलं नाही. ओठ निळे —

काका म्हणाले, तू इथे काय करतोस, तुला कामधंदा नाही काय? तुझा दिवाकर —

त्यांना नाव माहीत आहे. मीच सांगितलं.

९ नोव्हेंबर, मंगळवार

वाजली!

दुपारी चिप बसवली, व्हिन्सेंटने बटण दाबलं, आणि वर हातोडा हलला. दोन ठोके, थांबा, दोन ठोके. गावावरून, केळींवरून, तळ्यावरून. व्हिन्सेंट गुडघ्यांवर बसून रडला. मी पळत घरी.

काका खड्ड्याबाहेर. फावडं टाकून दिलेलं. मावशीचा हात सोडला होता त्यांनी. ती बांधावर बसून रडत होती आणि तिच्या बोटांत रंग येत होता, मी डोळ्यांनी बघितला. जिंकलो वाटलं. त्या दिवाकरच्या नाकावर टिच्चून जिंकलो.

मग काकांनी कान देऊन ऐकलं आणि विचारलं, कोण गेलं? मावशी म्हणाली, तूच. ते चिडले. म्हणाले, माझी नाही वाजली, श्रीरंगने स्वतः सांगितलंय. ही आजची आहे. पुरुषाची आहे. आज कुणीतरी गेलाय.

त्यांनी पाय धुतले. सूट झटकला. टोपी घेतली.

संध्याकाळ

रस्त्यावर माणसं. विचारतायत, कोण, कोण. व्हिन्सेंट बोलत नाही. माणसं आमच्या कुंपणाशी का थांबतात —

फाटकात उभा राहून सांगितलं त्यांना, कुणी गेलं नाही, चाचणी होती, यंत्राची चाचणी. एकानेही मान वर केली नाही. चपला काढून आत —

स्वप्नाला हाक मारली. भात टाकत होती. वळली नाही. रागावली असेल. पुन्हा मारली. ओरडलो. तिने उठून दार उघडलं, माझ्या बाजूने गेली, माझ्या अंगावरून —

काका दारात. टोपी हातात. तिला विचारतायत, कधी झालं, कसं झालं. त्यांचं तिला ऐकू येतंय. म्हणतात, तुमच्यात दहन करतात, माझ्या वाडीत आंब्याचं वाळलेलं लाकूड पडून आहे, लाजू नको, हवं तेवढं घे —

स्वप्ना खाली बसली. मावशीने तिला पोटाशी धरलंय. मावशीचे हात गरम असणार आता, ती तिचे डोळे पुसते आहे —

मी ओरडतोय. इथे आहे मी, खिडकीपाशी, हे बघा, लिहितोय, पेन चालतंय. काका एकटे माझ्याकडे बघतात. म्हटलं, तुमची होती ती, तुमच्यासाठी मी केली, त्या दिवाकरच्या — तुम्ही जा ना, तुम्ही जायचं होतं —

ते म्हणतात, माझी नव्हती, तुझी वाजली. आवाज हळू, घरात माणूस गेलाय.

स्वप्ना. स्वप्ना, इकडे बघ. मी अजून लिहितो